व्यसनमुक्ती केंद्रातले वैद्यकीय उपचार आणि कायदा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातल्या माणसाला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवायचा निर्णय बहुतेक वेळा सगळे टेकीला आल्यावरच होतो. त्या घाईत फी विचारली जाते, किती महिने ठेवणार, भेटायला कधी यायचं हेही विचारलं जातं. रात्री दोन वाजता त्याची तब्येत बिघडली तर तिथे कोण असेल, हे मात्र विचारायचं राहून जातं. खालची बहुतेक उत्तरं या राहून गेलेल्या प्रश्नाबद्दलच आहेत.

व्यसनमुक्ती केंद्र म्हणजे हॉस्पिटल असतं का?

काही असतात, बरीच नसतात. एकाच पाटीखाली फार वेगवेगळ्या जागा चालतात. कुठे मानसोपचारतज्ज्ञ, नर्स आणि आठ-दहा खाटांचा डिटॉक्स वॉर्ड असतो (डिटॉक्स म्हणजे नशा एकदम बंद झाल्यावरचे पहिले धोक्याचे दिवस औषधांच्या आधाराने पार करणं). कुठे केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर एखादी संस्था एकात्मिक पुनर्वसन केंद्र चालवते आणि डॉक्टर अर्धवेळ येतात. आणि कुठे भाड्याच्या बंगल्यात वीस-पंचवीस माणसं, दोन समुपदेशक आणि स्वतः व्यसनातून बाहेर आलेले काही कार्यकर्ते एवढंच असतं. या तिसऱ्या प्रकारातही मनापासून काम करणारी माणसं आहेत. पण प्रेमाने आणि शिस्तीने होणारं काम वेगळं आणि वैद्यकीय काम वेगळं. आपण कोणत्या प्रकारच्या जागेत चाललो आहोत, हे दाखल करण्याआधीच कळायला हवं.

मग या केंद्रांना कोणता कायदा लागू होतो?

मुख्य कायदा म्हणजे मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. तो २९ मे २०१८ पासून लागू झाला. या कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनाशी निगडित मानसिक अवस्थांचा स्पष्ट उल्लेख आहे. असे रुग्ण जिथे दाखल होऊन राहतात, अशी जागा सरकारची असो, ट्रस्टची असो की खासगी मालकाची, ती 'मानसिक आरोग्य आस्थापना' ठरते. फक्त रुग्ण आपल्या नातेवाइकांसोबत राहतो ते घर यातून वगळलेलं आहे. कलम ६५ प्रमाणे अशी आस्थापना नोंदणीशिवाय चालवता येत नाही. महाराष्ट्रात ही जबाबदारी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची आहे.

'आम्ही फक्त समुपदेशन करतो, आमच्याकडे औषधं नाहीत, म्हणून हा कायदा आम्हाला लागत नाही,' असं काही केंद्रचालक सांगतात. माणूस तिथे मुक्कामी आहे आणि व्यसनाच्या उपचारासाठीच आहे, तर हा युक्तिवाद टिकायला नको. उलट औषधं नाहीत, डॉक्टर नाही आणि तरी दारू नुकतीच सुटलेला माणूस आत घेतला जातो, ही जास्त काळजीची गोष्ट आहे.

भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्र लावलेलं आहे. तेवढं पुरेसं आहे का?

प्रमाणपत्र सर्वांना दिसेल अशा जागी लावणं बंधनकारक आहे, त्यामुळे ते नसेल तर तिथूनच परत फिरा. असेल तर ते वाचा. तात्पुरती नोंदणी आणि कायमची नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तात्पुरती नोंदणी अर्ज आल्यापासून दहा दिवसांत द्यायची असते आणि ती देण्याआधी कोणतीही चौकशी करण्याचं बंधन प्राधिकरणावर नाही. तिची मुदत १२ महिने असते आणि तिचं नूतनीकरण करता येतं. म्हणजे तात्पुरत्या प्रमाणपत्राचा अर्थ एवढाच, की हे केंद्र अस्तित्वात आहे हे सरकारदरबारी नोंदलं गेलंय. आत नर्स आहे की नाही, हे कोणी जाऊन पाहिलंय असा त्याचा अर्थ होत नाही.

दर तीन वर्षांनी नोंदणीकृत आस्थापनांचं ऑडिट व्हावं आणि त्यात स्थानिक समाजाचे प्रतिनिधीही असू शकतात, अशी तरतूद कलम ६७ मध्ये आहे. शेवटचं ऑडिट कधी झालं, हे केंद्राला सरळ विचारा. उत्तर देताना समोरचा गडबडला तर ते लक्षात ठेवा.

पहिल्या काही दिवसांत एवढं धोक्याचं काय असतं?

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून उत्तर सविस्तर.

रोज भरपूर दारू पिणाऱ्या माणसाची दारू एकदम बंद झाली, की शरीर तिच्याशिवाय चालायला तयार नसतं. शेवटच्या पिण्यानंतर साधारण सहा ते चोवीस तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, मळमळतं, झोप लागत नाही. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. आधी कधीच न आलेल्या माणसालाही येऊ शकते. आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काही रुग्ण डेलिरियम ट्रेमेन्स या अवस्थेत जातात. आपण कुठे आहोत, आज कोणता वार आहे हे कळत नाही. भिंतीवर किडे-मुंग्या दिसतात, चादर ओढत राहतात, समोर नसलेल्या माणसाशी बोलतात. नाडी आणि रक्तदाब वाढतो, ताप चढतो. उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावू शकतो. जुन्या काळात दर तिघांतला एक दगावल्याच्या नोंदी आहेत. वेळेवर उपचार मिळाले तर हे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली येतं. या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजे वैद्यकीय देखरेख.

आता केंद्रातली रात्र डोळ्यांसमोर आणा. दाखल होऊन तिसरी रात्र. दिवसभर बरा वाटलेला माणूस अकराच्या सुमाराला उठतो, पायावरून काहीतरी झटकू लागतो, दाराकडे धावतो, अडवणाऱ्याला ढकलतो. ड्यूटीवरच्या कार्यकर्त्याने हे कधी शिकलेलं नसेल, तर त्याला वाटतं की हा नाटक करतोय, पळून जायला बघतोय. मग चौघं मिळून धरतात, खोलीत कोंडतात. खरं तर त्या क्षणी त्याची नाडी मोजायला हवी होती. ती १२० च्या वर गेलेली असू शकते. नियम कशासाठी हवेत, हे समजायला एवढं एक दृश्य पुरे आहे.

प्रत्यक्ष काम तसं अवघड नाही. दर काही तासांनी नाडी, रक्तदाब, ताप, हातांची थरथर आणि भान तपासायचं आणि वेळेसह लिहून ठेवायचं. यासाठी सीवा नावाची दहा मुद्द्यांची तपासणीपट्टी जगभर वापरली जाते. एकूण गुण ६७ पर्यंत जातात. गुण वाढले की डॉक्टर औषध वाढवतात. डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड या गटातली औषधं ठरलेल्या प्रमाणात देऊन दहाएक दिवसांत कमी करत बंद करतात. यकृत खराब असेल तर बहुधा लोराझेपाम निवडतात. सोबत थायामिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-१ द्यावंच लागतं. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात त्याचा साठा संपलेला असतो. 'अशक्तपणा आहे' म्हणून थायामिन न देताच ग्लुकोजचं सलाइन चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. गावोगावी सलाइन ही सगळ्यात निरुपद्रवी गोष्ट समजली जाते, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

ब्राउन शुगर किंवा अफूजन्य औषधांचं व्यसन असेल तर?

तिथे धोक्याचं वेळापत्रक उलटं आहे. सोडतानाचे दिवस अतिशय त्रासाचे असतात. अंग मोडून येतं, नाका-डोळ्यांतून पाणी वाहतं, जुलाब-उलट्या होतात, झोप उडते. पण धडधाकट माणूस सहसा त्यानेच मरत नाही. मात्र जुलाब-उलट्यांनी शरीरातलं पाणी कमी होत गेलं आणि कोणी बघितलं नाही, तर जीव जाऊ शकतो.

मोठा धोका बाहेर पडल्यानंतर असतो. काही आठवडे पदार्थ न मिळाल्याने शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि माणूस बाहेर येऊन जुन्या सवयीने जुनाच डोस घेतो. श्वास मंदावतो आणि थांबतो. म्हणून 'आमच्याकडे सहा महिने राहिला, पूर्ण कोरडा झाला' हे ऐकून निर्धास्त होऊ नका. ब्युप्रेनॉर्फिनसारखं (अफूच्याच गटातलं, पण तल्लफ शमवणारं) दीर्घकाळ चालणारं औषध ओव्हरडोसने होणारे मृत्यू कमी करतं, याचा भक्कम पुरावा आहे. ते सुरू करणं, लक्षणं नीट दिसू लागेपर्यंत थांबणं आणि डोस ठरवणं हे डॉक्टरचं काम आहे. 'एक नशा सोडवून दुसरी लावता' असं म्हणून ही वाट सरसकट बंद करणारं केंद्र रुग्णाचा जीव धोक्यात घालतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

रुग्ण गरोदर असेल तर अफूजन्य पदार्थ एकदम तोडण्याचा प्रयत्न केंद्रात अजिबात होऊ नये. तिला प्रसूतितज्ज्ञ असलेल्या हॉस्पिटलमध्येच न्या.

झोपेच्या गोळ्यांची सवय असेल तर?

सांगा, आणि रोज किती घेत होता ते लिहून द्या. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या एकदम बंद केल्या तर दारूप्रमाणेच फिट येऊ शकते. त्या हळूहळूच उतरवाव्या लागतात.

'आमचे डॉक्टर ऑन कॉल असतात' याचा अर्थ काय घ्यायचा?

अर्थ त्यांच्याकडूनच काढून घ्या. डॉक्टर कोणत्या शाखेचे आहेत? फोन केल्यावर किती वेळात पोचतात? ते गावाला गेले तर दुसरं कोण? शेवटचं रात्री कधी यावं लागलं होतं? आणि डॉक्टर येईपर्यंत रुग्णाजवळ प्रशिक्षित नर्स असते का? रोजच्या देखरेखीत नर्सचं काम डॉक्टरइतकंच मोलाचं आहे, कारण बिघडत चाललेली तब्येत आधी तिच्या लक्षात येते. रात्रपाळीला नर्स नाही आणि तरी डिटॉक्स करतात, असं कळलं तर पहिले आठ-दहा दिवस तरी रुग्णाला जिल्हा रुग्णालयाच्या किंवा मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात ठेवावं आणि मगच पुनर्वसनासाठी केंद्रात आणावं. चांगली केंद्रं हे स्वतःहून सुचवतात. पुण्यात १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं तेव्हापासून महाराष्ट्राने या क्षेत्रात मोठं काम पाहिलं आहे. त्यामुळे असा आग्रह धरणं म्हणजे अवास्तव मागणी नाही.

केंद्रात औषधं कोण देऊ शकतं?

लिहून देणारा डॉक्टरच हवा. कलम १०६ प्रमाणे आपल्या व्यावसायिक क्षेत्राबाहेरचं औषध किंवा उपचार सुचवायला डॉक्टरांनाही मनाई आहे, मग समुपदेशकाचा प्रश्नच येत नाही. जुने रुग्ण किंवा कार्यकर्ते यांनी 'याला शांत करायला' इंजेक्शन देणं हा तर गुन्ह्याच्या जवळ जाणारा प्रकार आहे.

औषधांची नोंदवही बघायला मागा. दुसऱ्या रुग्णाची माहिती नको, कोऱ्या पानाचा नमुना दाखवा म्हणा. नीट वहीत औषधाचं नाव, मात्रा, वेळ, देणाऱ्याची सही आणि 'घेतलं नाही' असं लिहायला जागा असते. सकाळ-दुपार-रात्रच्या सगळ्या सह्या एकाच शाईत, एकाच हाताने, ओळीने केलेल्या दिसल्या, तर ती वही दिवसाअखेरी बसून भरली जाते हे ओळखा. कपाटाला कुलूप आहे का, किल्ली कोणाकडे असते, हेही बघा. झोपेच्या आणि गुंगीच्या औषधांचा साठा उघड्या ड्रॉवरमध्ये असेल तर बाकीच्या गोष्टींचा अंदाज येतो.

डायबिटीस, टीबी, एचआयव्हीची औषधं चालू असतील तर?

ती एक दिवसही थांबता कामा नयेत. व्यसनावरच्या उपचारांच्या नादात हे नेहमी मागे पडतं. टीबीच्या गोळ्या मध्येच सुटल्या तर औषधांना न जुमानणारा टीबी होण्याचा धोका असतो. दारू पिणाऱ्याचं खाणं एकदम बदललं की साखरही वरखाली होते, म्हणून इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर दिवसातून अनेकदा तपासावी लागते. दाखल करताना चालू औषधांची चिठ्ठी आणि निदान दोन आठवड्यांच्या गोळ्या द्या, आणि त्या मिळाल्याची सही घ्या.

केंद्राने कोणते रुग्ण घेऊच नयेत?

माझ्या मते नियमांची खरी परीक्षा इथे होते. आपल्याला काय जमत नाही, याची लेखी यादी प्रत्येक केंद्राकडे हवी. पूर्वी दारू सोडताना फिट आलेली किंवा भ्रम झालेला रुग्ण, कावीळ किंवा पोटात पाणी झालेला, रक्ताची उलटी होणारा, डोक्याला मार लागलेला, छातीत दुखणारा, आत्महत्येचा प्रयत्न नुकताच केलेला, गरोदर स्त्री, ताप आणि असंबद्ध बडबड असलेला. यांची जागा आधी हॉस्पिटलमध्ये आहे. यातला कोणताही प्रश्न न विचारता 'आणा, बघू' म्हणणारं केंद्र सोयीचं वाटतं, कारण बाकीच्यांनी नाही म्हटलेलं असतं. त्या नकारामागे कारण होतं, हे त्या थकव्यात लक्षात येत नाही.

त्याची इच्छा नसताना दाखल करता येतं का? केंद्राची माणसं येऊन 'उचलून' नेतात, ते चालतं का?

घरी गाडी पाठवून, चार माणसांनी धरून नेण्याची कायद्यात कुठेही तरतूद नाही. नातेवाइकांच्या सहीनेही ते कायदेशीर होत नाही.

कायद्याचा मूळ रस्ता म्हणजे कलम ८६ खाली रुग्णाने स्वतःहून दाखल होणं. असा रुग्ण 'मला जायचंय' म्हणाला तर त्याला सोडावं लागतं. फारच गंभीर कारण असेल तर पुढची तपासणी होईपर्यंत २४ तास थांबवता येतं. स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत रुग्ण नसेल तर कलम ८९ आहे. त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीने (म्हणजे उपचारांच्या निर्णयात त्याच्या वतीने उभा राहणारा माणूस) अर्ज करायचा, एका मानसोपचारतज्ज्ञाने आणि दुसऱ्या मानसिक आरोग्य व्यावसायिकाने किंवा डॉक्टरने स्वतंत्रपणे तपासायचं, आणि स्वतःला इजा, दुसऱ्यावर हिंसा किंवा स्वतःची काळजी घेता न येणं यांपैकी धोका त्यांना दिसायला हवा. ही मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांची. दाखल केल्याची खबर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला (याच कायद्याखालचं, अशी प्रकरणं आणि तक्रारी तपासणारं मंडळ) स्त्री किंवा अल्पवयीन असल्यास तीन दिवसांत, इतरांच्या बाबतीत सात दिवसांत द्यायची. ३० दिवसांपुढे ठेवायचं तर कलम ९० खाली दोन मानसोपचारतज्ज्ञांची तपासणी आणि मंडळाची परवानगी लागते.

घरच्यांची हतबलता खरी असते. रोज मार खाणाऱ्या बायकोला कायद्याची कलमं ऐकवून काय उपयोग, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. तिच्यासाठी वाट आहे: जवळच्या सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग. तातडीची परिस्थिती असेल तर कलम ९४ प्रमाणे कोणताही नोंदणीकृत डॉक्टर प्रतिनिधीच्या संमतीने ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो, आणि त्यात रुग्णाला योग्य ठिकाणी हलवणंही येतं.

नामनिर्देशित प्रतिनिधी कसा नेमायचा?

साध्या कागदावर. नाव लिहायचं, सही किंवा अंगठा करायचा. रुग्ण बरा असताना हे करून ठेवलं तर पुढचे बरेच वाद टळतात.

बांधून ठेवणं, कोंडणं, मुंडण करणं, मारणं हे 'उपचाराचा भाग' आहे असं सांगतात.

नाही. साखळीने बांधण्याला कलम ९५ ने पूर्ण बंदी आहे. एकांतात कोंडून ठेवण्याला कलम ९७ ने बंदी आहे. शारीरिक बंधन तेवढं वापरता येतं, तेही लगेच होणारी इजा टाळायला दुसरा मार्गच उरला नसेल तेव्हा, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, नोंद करून, आणि अगदी गरजेपुरत्या वेळासाठी. शिक्षा म्हणून किंवा माणसं कमी आहेत म्हणून बांधता येत नाही, हे कायद्यात शब्दशः आहे. कलम २० प्रमाणे सक्तीचं मुंडण, सक्तीचा गणवेश आणि सक्तीचं काम यांनाही मनाई आहे. रुग्णाने काम केलं तर त्याचा मोबदला द्यावा लागतो. 'श्रमसंस्कार' म्हणून केंद्रचालकाच्या शेतात राबवून घेणं यात बसत नाही.

पहिला महिना फोन नाही, भेट नाही, असा नियम आहे. मान्य करायचा का?

करू नका. कलम २६ ने रुग्णाला भेट घेण्याचा, नाकारण्याचा आणि वाजवी वेळेत फोन करण्याचा हक्क दिला आहे. सुरुवातीला रुग्ण घरी फोन करून 'मला न्या' म्हणेल, म्हणून केंद्र चार दिवस कमी बोलायला सुचवू शकतं, आणि त्यात तथ्यही असतं. पण महिनाभर आवाजही ऐकू द्यायचा नाही, या नियमाचा रुग्णाला काही फायदा नाही. आत जे वाईट घडतं ते दडवायला मात्र तो कामाला येतो. किमान आठवड्यातून एकदा प्रत्यक्ष भेटा, हात-पाय बघा, वजन विचारा.

त्याला न सांगता जेवणातून दारू सोडवायची गोळी देतात. चालेल?

अजिबात नाही. डायसल्फिराम घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की छाती धडधडते, रक्तदाब कोसळू शकतो, हृदय अधू असेल तर मृत्यूही येऊ शकतो. ज्याला आपण हे औषध घेतोय हेच ठाऊक नाही, तो पिणारच. हे औषध रुग्णाची संमती घेऊन, यकृत आणि हृदय तपासून, डॉक्टरच देतात. 'कोणालाही न कळता दारू सोडवा' अशा जाहिरातीतल्या पावडरींनाही हेच लागू आहे, कारण त्यात काय मिसळलंय हे सांगता येत नाही.

मुलगा १८ वर्षांखालचा आहे.

त्याला मोठ्यांसोबत ठेवता येत नाही, वेगळी सोय लागते. पालक किंवा प्रतिनिधीने त्याच्यासोबत पूर्ण काळ राहायचं असतं. दाखल केल्याची माहिती मंडळाला ७२ तासांत जायला हवी. यातलं काहीच न विचारता मूल ठेवून घेणाऱ्या केंद्रात ते ठेवू नका.

आतले कागद आम्हाला मिळू शकतात का?

रुग्णाला स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मिळवण्याचा हक्क कलम २५ मध्ये आहे. आजार काय, उपचार काय, औषधांचे त्रास कोणते, हे त्याला समजेल अशा भाषेत सांगणं कलम २२ प्रमाणे केंद्राचं काम आहे. इंग्रजी फॉर्मवर मराठी माणसाची सही घेतली म्हणजे संमती झाली, असं होत नाही. त्याचबरोबर एक गोष्ट घरच्यांनीही लक्षात घ्यावी : नोंदी गोपनीय असतात आणि त्या रुग्णाच्या असतात.

तक्रार कुठे करायची?

आधी केंद्राच्या वैद्यकीय प्रमुखाकडे लेखी, पोच घेऊन. दाद मिळाली नाही तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे. अर्जाला फी नाही आणि विशेष परिस्थितीत तोंडी किंवा फोनवरूनही अर्ज घेता येतो. रुग्णाच्या संमतीने एखादी नोंदणीकृत संस्थाही अर्ज करू शकते. मोफत कायदेशीर मदतीचा हक्कही आहे, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा. मारहाण, कोंडून ठेवणं किंवा मृत्यू झाला असेल तर मंडळाची वाट न बघता पोलीस ठाणं. मृत्यूच्या बाबतीत पोस्टमॉर्टेमचा आग्रह सोडू नका, कितीही घाई केली तरी.

दंड पुरेसे आहेत का? आणि नियम कडक केले तर केंद्रं बंद पडतील ना?

विनानोंदणी केंद्र चालवल्यास पहिल्या वेळी दंड ५ हजार ते ५० हजार रुपये, दुसऱ्या वेळी २ लाखांपर्यंत आणि त्यापुढे ५ लाखांपर्यंत. कायद्याच्या इतर उल्लंघनाला पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पंचवीस रुग्ण ठेवणाऱ्या केंद्राला ५० हजार म्हणजे धाक बसावा अशी रक्कम नाही.

दुसऱ्या प्रश्नात दम आहे. एम्सच्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात, दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कोणतातरी उपचार मिळाल्याचं दिसलं. दाखल होऊन उपचार मिळाले ते १८० मध्ये एकाला. अशा टंचाईत नुसती कुलपं लावत सुटलो तर माणसं आणखी लपवलेल्या जागी जातील. म्हणून मला सगळ्या केंद्रांना एकच माप लावणं पटत नाही. ज्यांना डिटॉक्स करायचं आहे त्यांच्यासाठी रात्रीची नर्स, डॉक्टर आणि नोंदी यांत कोणतीही सूट नको. ज्यांना फक्त पुनर्वसन करायचं आहे त्यांनी डिटॉक्स झालेलेच रुग्ण घ्यावेत, जवळच्या हॉस्पिटलशी लेखी करार ठेवावा आणि फिट, बेशुद्धी, ओव्हरडोस यांवरचे प्रथमोपचार प्रत्येक कार्यकर्त्याला शिकवावेत. आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात व्यसनासाठी राखीव खाटा सरकारने चालू ठेवाव्यात. हे झालं नाही तर बाकीचे नियम हवेत राहतील. तपासणीही दिवसा, कळवून होऊ नये. रात्री, न कळवता व्हावी.

डिस्चार्जच्या वेळी काय मागून घ्यायचं?

चालू औषधं, त्यांची मात्रा आणि मुदत, पुढच्या तपासणीची तारीख आणि डॉक्टरचं नाव, केलेल्या तपासण्यांचे रिपोर्ट. डिस्चार्जनंतरचं नियोजन रुग्णाशी बोलून करणं कलम ९८ प्रमाणे उपचार करणाऱ्यांची जबाबदारी आहे. अफूजन्य पदार्थांचं व्यसन असेल तर सहनशक्ती उतरल्याचा धोका रुग्णाला आणि घरच्यांना, दोघांनाही समोर बसवून सांगायला लावा. मध्येच गरज पडली तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६ या राष्ट्रीय हेल्पलाइन आहेत.

केंद्रातून फोन आला, 'तो जरा गडबड करतोय, काळजी करू नका.' काय करायचं?

फोन ठेवण्याआधी चार गोष्टी विचारा : शेवटची दारू कधी घेतली होती, आत्ता नाडी आणि रक्तदाब किती आहे, तो स्वतःचं नाव आणि वार नीट सांगतोय का, त्याला कोणतं औषध किती वाजता दिलं. आकडे सांगता आले नाहीत, किंवा भान हरपलंय, फिट आलीय, श्वास मंद आहे असं कळलं, तर त्यांना लगेच १०८ ला फोन करायला सांगा आणि स्वतःही करा. हॉस्पिटलमध्ये नेताना औषधांच्या नोंदीचा कागद सोबत द्यायला सांगा. कागद नसेल तर मोबाइलवर फोटो मागवा, कारण काय दिलंय हे कळल्याशिवाय कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला पुढचं औषध ठरवणं अवघड जातं.